तीनशे डॉलरच्या आत

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी डॉ. श्रीराम घैसासला टाउनशिपच्या पोलिसांकडून ईमेल आला. नऊ चौदाला त्याचं उत्तर गेलेलं होतं. मधल्या चार मिनिटांत त्याने ओटमील संपवलं आणि बायकोला, दीपाला, तिचा चष्मा डिशवॉशरवर आहे हेही सांगितलं.

ईमेलमध्ये दहा प्रश्न होते. त्याच्या जुन्या मित्राने, बाळ उपासनीने, पिस्तुलाच्या परमिटसाठी अर्ज केला होता. न्यू जर्सीत नुसतं दुकानात जाऊन पिस्तूल मिळत नाही. आधी पोलिसांचं परमिट लागतं, आणि त्या अर्जात नात्यातल्या नसलेल्या दोन माणसांची नावं द्यावी लागतात. पोलीस त्या दोघांना विचारतात, हा माणूस कसा आहे. बाळने एक नाव श्रीरामचं दिलं होतं आणि दुसरं अरुण पोतनीसचं.

उत्तरं श्रीरामने लिहिली नव्हती. ती आदल्या दिवशी बाळनेच व्हॉट्सअ‍ॅपवर क्रमवार लिहून पाठवली होती. प्रश्न त्याने आधीच कुठूनतरी मिळवले होते. शेवटी एक ओळ होती : ‘फक्त कॉपी-पेस्ट कर. स्पेलिंगला हात लावू नकोस.’

यात दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. अडतीस वर्षं त्यांचं असंच चाललं होतं. बाळच्या ग्रीन कार्डाच्या वेळी ‘मी या गृहस्थांना ओळखतो’ हे पत्र बाळनेच लिहिलं आणि श्रीरामने सही केली. श्रीराम हॉस्पिटलमध्ये कार्डिऑलॉजीचा चीफ झाला तेव्हा गावच्या मराठी मंडळातर्फे त्याचं जे कौतुकपत्र गेलं, ते श्रीरामने लिहिलं आणि अध्यक्ष म्हणून बाळने सही केली. मुलांच्या स्कॉलरशिपा, देवळाच्या समितीवरच्या नेमणुका, लग्नाच्या चौकशा, सगळं असंच. ज्याला काम त्याने मजकूर लिहायचा, दुसऱ्याने सही करायची. दुसऱ्याचा वेळ घेऊ नये एवढाच त्यातला विचार. वाचून सही करणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असंही कोणी कधी म्हटलं नव्हतं. पण वाचत कोणी नव्हतं.

रविवारी मजकूर पाठवल्यावर बाळने फोन केला होता.

“बंदूक कशाला रे तुला?” श्रीरामने विचारलं.

“चोऱ्या वाढल्यात. आपल्याच लोकांची घरं बघून फोडतात. सोनं असतं हे त्यांना कळलंय.”

“तू? झुरळ मारायला रेखाला हाक मारायचास.”

“म्हणून तर आता बंदूक लागतेय.”

श्रीराम हसला. बाळही हसला असावा. रेखा, बाळची बायको, जाऊन चौदा महिने झाले होते. तिचं नाव निघालं आणि त्यावर विनोद झाला, ही श्रीरामला चांगली खूण वाटली. त्याने तसं दीपाला सांगितलंही.

गुरुवारी दुपारी दीड वाजता बाळने एक शीट पाठवली. नाव होतं ‘पिस्तूल – तीनशे डॉलरच्या आत’.

बाळच्या शीटा गावात प्रसिद्ध होत्या. तो टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होता, आणि निवृत्त झाल्यापासून कोण काय विकत घेतंय यात लक्ष घालणं हा त्याचा पूर्णवेळ उद्योग होता. मंडळात कोणी डिशवॉशर घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येई, “बाळकाकांची शीट बघितलीस का?” सगळ्यात महागाचं त्याला कधी पटलं नाही आणि सगळ्यात स्वस्ताचंही नाही. दिलेल्या पैशात जास्तीत जास्त काय मिळतं, ते तो शोधून काढी. पार्सिपनीतली अर्धी मराठी घरं त्याने निवडलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने साफ होत होती.

श्रीराम किचन टेबलाशी बसून शीट वाचू लागला. सात मॉडेलं होती. एकेकापुढे किंमत, वजन, कुठल्या देशात बनतं, दुरुस्तीला कुठे पाठवायचं आणि पन्नास-पन्नास रिव्ह्यू वाचून काढलेलं सार. शेरे बाळचे, नेहमीच्या थाटातले. एका तुर्की पिस्तुलापुढे लिहिलं होतं : ‘दुप्पट किमतीच्या मालाची बरोबरी. फिनिश साधं, पण आपल्याला कुठे मिरवायचंय.’ ओहायोत बनणाऱ्या एकापुढे : ‘विटेसारखं दिसतं, विटेसारखंच जड. पण लोक म्हणतात, अडत नाही.’ आणखी एकापुढे : ‘नावाचे शंभर डॉलर जास्त. नको.’ तुर्की पिस्तुलाची ओळ हिरवी केली होती. शीटच्या तळाशी विचारलं होतं : ‘कुठलं घेऊ? मत कळव.’

श्रीरामला पिस्तुलांतलं काही कळत नव्हतं. तो नुसताच उजवीकडे सरकवत गेला. किमतीपासून शेऱ्यांपर्यंत सगळे रकाने आले आणि संपले. तो परत डावीकडे आला. पुन्हा उजवीकडे गेला.

बाळच्या शीटेत शेवटचा रकाना कायम एकच असे : ‘दहा वर्षं’. वस्तू दहा वर्षं वापरली तर एकूण खर्च किती, वर्षाला किती पडला. मोटारीला हा रकाना होता, फ्रीजला होता, छत्रीलाही होता. त्या रकान्याशिवाय तुलनेला अर्थ नाही, हे बाळ मंडळातल्या पोराटोरांनाही ऐकवी. “आजची किंमत दुकानदाराला विचारा. दहा वर्षांची मला विचारा.”

या शीटेत तो रकाना नव्हता.

श्रीरामने लॅपटॉप फिरवून दीपापुढे केला. “यात दहा वर्षांचं नाही.”

दीपा कोथिंबीर निवडत होती. तिने हात पुसून पाहिलं. “विसरले असतील.”

“बाळ?”

तिने शीट पुन्हा वरपासून खाली पाहिली. मग म्हणाली, “सोन्यासाठी बंदूक म्हणाले ना भावजी?”

“हो.”

“घरात सोनं नाहीये. रेखाचं सगळं गेल्या गणपतीत सावनी घेऊन गेली नेपरव्हिलला. मीच पॅक करून दिलं होतं. बांगड्या, पाटल्या, सगळं. भावजी तिथेच उभे होते.”

सावनी ही बाळ आणि रेखाची एकुलती एक मुलगी, विमानाने दोन तासांवर राहणारी.

“तू पोलिसांना काय लिहिलंस?” दीपाने विचारलं.

“बाळने दिलं तेच.”

“म्हणजे काय?”

“वाचलं नाही मी.”

त्याने फोन काढला आणि रविवारचा मजकूर पहिल्यांदा वाचला. किती वर्षं ओळखता : अडतीस. दारू पितो का : समारंभात, एक ग्लास. कधी हिंसक वागला आहे का : नाही. सहावा प्रश्न होता, या व्यक्तीला मानसिक आजार किंवा त्यावरचे उपचार झाल्याचं तुम्हाला माहीत आहे का? उत्तर : नाही.

माहीत असणारा पृथ्वीवर एकच माणूस होता, आणि हे उत्तर त्याच्या नावाने गेलं होतं.

रेखा गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात श्रीराम बाळकडे गेला तेव्हा बाळने अकरा दिवस अंघोळ केलेली नव्हती. पोस्टाच्या पेटीत टपाल मावत नव्हतं. श्रीराम त्याला म्हणाला, सायकॅट्रिस्टकडे जाऊ. बाळ म्हणाला, गावात कळेल, सावनीला कळेल, नको. श्रीराम निवृत्त झाला होता, पण त्याचं लायसन्स अजून चालू होतं. त्याने नैराश्यावरच्या गोळ्या स्वतः लिहून दिल्या. फाइल केली नाही. “इन्शुरन्सला लावू नकोस, कॅश दे. रेकॉर्डवर कशाला उगाच,” हे वाक्य त्याचंच होतं. बाळने चार महिने गोळ्या घेतल्या, मग बरं वाटतंय म्हणून थांबवल्या. त्यानंतर श्रीराम दर शनिवारी विचारी, “काय, ठीक?” आणि बाळ म्हणे, “ठीक.” मंडळातले डॉक्टर ओळखीच्यांना अशीच औषधं लिहून देत होते. ब्लड प्रेशरची, झोपेची, गुडघ्याची.

त्यामुळे कागदावर बाळ उपासनी स्वच्छ होता.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी श्रीरामने पोलिसांना फोन लावला. परमिटचं काम बघणारी डिटेक्टिव्ह फोनवर आली. तिचा आवाज तरुण होता आणि तिला घाई नव्हती. श्रीराम म्हणाला, माझं एक उत्तर चुकीचं आहे, सहावं. तिने विचारलं, चुकीचं म्हणजे काय. त्याने सांगितलं.

“तुम्ही हे त्यांचे डॉक्टर म्हणून सांगताय की मित्र म्हणून?”

“दोन्ही.”

“उपचारांची नोंद कुठे आहे?”

“नाही.”

“नाही म्हणजे दुसऱ्या डॉक्टरकडे आहे?”

“केलीच नाही.”

टाइप केल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, “तुमचं लायसन्स चालू आहे, डॉक्टर?”

“आहे.”

“नऊ महिन्यांपूर्वी गोळ्या थांबवल्या, तेव्हा बरे होते असं तुम्हीच म्हणताय. आज का फोन केलात?”

श्रीरामने शीटबद्दल सांगायला सुरुवात केली. दहा वर्षांचा खर्च, मोटार, फ्रीज. इंग्रजीत ते वेड्यासारखं वाटत होतं. तिने मध्ये थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, अर्ज पोलीस चीफच्या टेबलावर आहे, उद्या दुपारी सह्या होतात. बारापर्यंत मला लेखी हवं. आणि आत्ता त्यांच्याजवळ कोणी आहे का? कोणाला पाठवू का?

“मी जातो,” श्रीराम म्हणाला.

“आधी जा. ईमेल नंतर केलात तरी चालेल.”

त्याने तरी ईमेल आधीच लिहिला. सहा वाक्यं. दीपाने मागे उभं राहून वाचली.

“यावरून मेडिकल बोर्ड तुला बोलावेल.”

“बोलावेल.”

“लायसन्स जाईल?”

“जाऊ शकतं.”

“पाठव,” ती म्हणाली. मग फ्रीजकडे गेली आणि तिथे काय घ्यायला आलो ते न आठवल्यासारखी दार उघडून उभी राहिली.

बाळचं घर गाडीने सात मिनिटांवर. मे महिना होता, चार वाजत आले होते, सगळीकडे लख्ख ऊन. गॅरेजचं दार उघडं होतं. श्रीराम नेहमीसारखा तिथूनच आत गेला. बाळ किचनमध्ये उभा होता, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट.

“ये. चहा टाकू?”

“टाक.”

“शीट बघितलीस? मी त्या तुर्कीवर आलोय. तू काय म्हणतोस?”

“त्यात एक रकाना नाहीये.”

बाळने आलं किसलं. “कुठला?”

“दहा वर्षांचा.”

“हं.” त्याने गॅस बारीक केला. “लक्षात आलं तुझ्या. मला वाटलेलं, आलं तर अरुणच्या येईल. सीपीए आहे तो, आकडे तपासणं हाच धंदा.”

“अरुणलाही पाठवलीस?”

“त्याने थम्स-अप टाकला.”

श्रीराम खुर्चीवर बसला. हॉस्पिटलात त्याने शेकडो माणसांना विचारलं होतं, छातीत दुखतं का, कुठे, कसं. हे कसं विचारायचं ते त्याला शिकवलेलं होतं, पन्नास वर्षांपूर्वी, नागपुरात, एका तासाच्या लेक्चरमध्ये.

“बाळ, मरायचंय का तुला?”

बाळने चहा गाळला. दोन कप, दोन्ही सारखे भरलेले. “मरायचं असं काही नाही. उठायचं कशाला ते सापडत नाही, इतकंच. सकाळी सहाला जाग येते. मग रात्र होईपर्यंत बसायचं.”

“मग पिस्तूल?”

“घरात असावं. म्हणजे मग बघता येईल.”

“काय बघता येईल?”

“तू कार्डिऑलॉजिस्ट आहेस, श्रीराम. तुझ्या खात्यातलं नाही हे.” त्याने कप पुढे सरकवला. “साखर कमी घातलीय.”

“मी पोलिसांना कळवलं.”

बाळ पहिल्यांदा बसला. “काय कळवलंस?”

“गोळ्यांचं.”

“तू दिलेल्या?”

“हो.”

“रेकॉर्ड नाही, तेही सांगितलंस?”

“तिने विचारलं.”

“गाढव आहेस.” आवाज चढलेला नव्हता. “माझ्या तीनशे डॉलरच्या वस्तूसाठी चाळीस वर्षांचं लायसन्स घालवलंस. ही कसली व्हॅल्यू?”

खिडकीबाहेर शेजाऱ्याचा माळी पाचोळा उडवायचा लीफ ब्लोअर चालवत होता. तो बंद होईपर्यंत दोघं थांबले.

“माझं नाव का दिलंस?” श्रीरामने विचारलं. “मंडळातला शिव होता, आणखी दहा जण होते. ज्याला गोळ्यांचं माहीत आहे अशा एकट्याचंच नाव दिलंस तू. का?”

“तू वाचत नाहीस म्हणून.”

बाळने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. निवड कशी केली ते सांगावं तसं सांगितलं. “शिव प्रत्येक ओळ वाचतो. चार फोन करतो. अरुण एक नंबर, तू दोन नंबर. मंडळात न वाचता सही करणारे तुम्ही दोघंच खात्रीचे.”

श्रीरामचा चहा निवत होता. आपल्याला काही वाटायला हवं, लाज किंवा राग, असं त्याला वाटून गेलं. आलं काहीच नाही.

“सावनीला फोन लाव,” तो म्हणाला.

“कशाला? तिचे पेशंट असतात आता.”

“तू लावतोस की मी लावू?”

“तू लाव.”

“नाही. तू लाव. मी इथेच बसतो.”

बाळने फोन उचलला, ठेवला, परत उचलला. स्पीकरवर टाकला. तीन रिंगनंतर सावनीचा आवाज आला, मागे कुठेतरी घंटी वाजत होती.

“बाबा? आय हॅव लाइक टू मिनिट्स.”

“सावनी,” बाळ म्हणाला. मग बराच वेळ काही नाही.

“बाबा, यू आर ऑन म्यूट?”

“नाही. मी म्हणतोय, माझं काही ठीक नाहीये.”

“व्हॉट डू यू मीन? इज इट युअर चेस्ट?”

“नाही, छाती चांगली आहे. मला बंदूक घ्यायची होती. श्रीरामने घेऊ दिली नाही.”

पलीकडे दार बंद झाल्याचा आवाज आला आणि घंटी ऐकू येईनाशी झाली.

“इज काका देअर? राइट नाऊ?”

“आहे. चहा पितोय.”

“काका, प्लीज डोन्ट लीव्ह. प्लीज. मी येते. आय विल गेट द फर्स्ट फ्लाइट.”

“नाही जात,” श्रीराम म्हणाला.

फोन संपल्यावर बाळने दोन्ही कप धुतले. श्रीरामच्या कपात अर्धा चहा होता. तोही त्याने ओतून दिला.

“किती दिवस बसणार आहेस?”

“दीपा रात्रीचं जेवण घेऊन येतेय. नाहीतर तू आमच्याकडे चल.”

“खिचडी असेल तर नको.”

“खिचडीच असणार. आज तिला दुसरं काही सुचायचं नाही.”

“बरं,” बाळ म्हणाला, आणि दिवाणखान्यात जाऊन बसला. टीव्ही लावला नाही. श्रीराम त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. साडेसहाला दीपा आली तेव्हा दोघं तसेच बसलेले होते.

सावनी शुक्रवारी सकाळी पावणेअकराला नेवार्कला उतरली. सव्वा वाजता चौघं हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात होते. श्रीराम या हॉस्पिटलात कधीच नोकरीला नव्हता. इथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. बाळने पोलो शर्ट नीट खोचला होता. नर्सने दारात येऊन आडनाव वाचण्याचा दोनदा प्रयत्न केला. बाळ उठला. श्रीरामही उठला.

“फक्त पेशंट,” नर्स म्हणाली.

बाळ आत गेला. जाताना त्याने मागे पाहिलं नाही. दार जड होतं आणि आपोआप बंद होणारं होतं.

दोन वाजून पाच मिनिटांनी डिटेक्टिव्हचा फोन आला. श्रीराम कॉरिडॉरमध्ये जाऊन बोलला. अर्ज नामंजूर झाला होता, पत्र बाळच्या पत्त्यावर जाणार होतं. श्रीरामचा ईमेल नियमाप्रमाणे मेडिकल बोर्डाकडे पाठवावा लागेल, हेही तिने सांगितलं. “आय अ‍ॅम सॉरी, डॉक्टर,” ती म्हणाली. आणि ती खरोखर सॉरी असावी, कारण त्यानंतर तिने लगेच फोन ठेवला नाही.

तो परत आला. सावनी दीपाच्या खांद्याला टेकून बसली होती. तिने वर बघितलं.

“दे सेड नो,” श्रीराम म्हणाला.

“ओह, थँक गॉड.”

“तीस दिवसांत अपील करता येतं.”

सावनी सरळ बसली. “विल ही?”

श्रीरामने बंद दाराकडे पाहिलं. दाराला वरच्या बाजूला एक अरुंद काच होती, तिच्यातून आतली भिंत तेवढी दिसत होती.

“माहीत नाही,” तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी बसला.